हललं कोण, आपली गाडी की शेजारची?

प्रश्न : मी माकुणसारचा. बोईसरला एमआयडीसीत कामाला आहे. परवा संध्याकाळी परतताना आमची लोकल पालघरला साइडला लावली होती. शेजारच्या लायनीवर मालगाडी उभी. थोड्या वेळाने आमची गाडी सुटली, म्हणून मी घरी फोनही केला, 'निघालो'. मग दुसऱ्या बाजूला पाहतो तर फलाट जागच्या जागी! मालगाडी डहाणूकडे निघून गेली होती. घरी हसं झालं. पण नववीतली मुलगी म्हणाली, 'बाबा, गती सापेक्ष असते, तुम्हीही बरोबरच होता.' मग नक्की हललं कोण?

उत्तर : तुमची मुलगी बारा आणे बरोबर आहे. उरलेल्या चार आण्यांकडे शेवटी येऊ.

असं काही झालं की लोक 'डोळ्यांचा भ्रम' म्हणून मोकळे होतात. पण डोळ्यांनी तुम्हाला फसवलं नाही. तुमची खिडकी आणि मालगाडीची वाघीण यांच्यातलं अंतर बदलतंय, एवढंच त्यांनी कळवलं आणि ते खरंच होतं. तुम्ही विरारकडे निघालात काय किंवा मालगाडी डहाणूकडे निघाली काय, खिडकीतलं चित्र अगदी सारखंच दिसणार. हललं कोण, हा निवाडा मेंदूचा. नजरेत भरून राहिलेली मोठी गोष्ट स्थिर असते, असा त्याचा जन्माचा अनुभव. डोंगर, घरं, झाडं कुठे पळतात? इथे सगळी खिडकी वाघिणींनी भरलेली, त्यामुळे त्याने त्यांनाच डोंगर मानलं. त्यात मन 'सुटली' म्हणायला टपलेलंच. ढगांआडून चंद्र पळतोय असं वाटतं, तेही याच हिशेबाने.

मग शरीराने हरकत का घेतली नाही? आपल्या कानाच्या आत चुन्याचे अतिबारीक खडे असतात. वेग वाढला किंवा कमी झाला की ते किंचित सरकतात आणि मेंदूला खबर जाते. पण वेग एकसारखा असेल तर ते गप्प. ताशी 80 किलोमीटरने संथ चाललेली लोकल आणि उभी लोकल त्यांना सारखीच. लोकल कधीकधी इतकी अलगद सुटते की धक्का जाणवत नाही, हे मेंदूला पाठ झालेलं. त्यामुळे खडे गप्प राहिले तरी त्याने मनावर घेतलं नाही.

आता मुलीचं म्हणणं. केळवे रोड स्टेशन उत्तरेला आहे की दक्षिणेला? सफाळ्याचा माणूस उत्तरेला म्हणेल, पालघरचा दक्षिणेला. 'कुठून?' हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. 'कोण हललं?' हा प्रश्नही तसाच अर्धा आहे, 'कोणाच्या मानाने?' हा उरलेला अर्धा. ज्याला स्थिर धरून आपण मोजतो, त्याला भौतिकशास्त्रात संदर्भ चौकट म्हणतात. रोजच्या बोलण्यात ती जमीनच असते, म्हणून सांगावी लागत नाही. पण फलाटाच्या स्थिरपणावर फार विसंबू नका. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे आपल्या भागातली जमीन ताशी सुमारे 1,570 किलोमीटरने पूर्वेकडे चालली आहे, आणि अख्खी पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळपास 30 किलोमीटरने.

चौकट बदलली की वेग बदलतो, हे तर तुम्ही रोज पाहता. समजा, अर्धा किलोमीटर लांबीची मेल ताशी 120 ने जातेय. तुमची लोकल उभी असेल, तर ती तुमच्या खिडकीसमोरून 15 सेकंदांत सरते. तुम्ही 80 ने जाताय आणि ती समोरून आली, तर दोन वेगांची बेरीज 200. 9 सेकंदांत खेळ खलास. विरारच्या पुढे लायनी वाढतात. तिथे ती मागून येऊन तुम्हाला गाठू लागली तर फरक उरतो 40 चा, आणि ओलांडायला तिला 45 सेकंद लागतात. समोरून येणारी गाडी जास्त पळते, असं पुष्कळांना वाटतं. ती तेवढ्याच वेगाने पळते, भर आपण घालतो.

ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. जलसारहून विरारला रो-रोने गेलात तर काठावरची झाडं मागे जाताना दिसतात. नावेतल्या माणसाला असं दिसतं, हाच दाखला आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास दिला होता. तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात ते पृथ्वी फिरते म्हणून, हे त्याला सांगायचं होतं. त्यावर आजही एक शंका येते : मग हेलिकॉप्टर वर नुसतं थांबवावं, खालून नागपूर सरकून मुंबई यायला हवी! हेलिकॉप्टर उडण्याआधीच जमिनीच्या वेगाने चाललेलं असतं आणि भोवतालची हवाही. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच हे. गॅलिलिओने 1632 मध्ये याच कारणाने वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेलं : एकसारख्या वेगाने, न हेलकावता जाणाऱ्या जहाजात कुठलाही प्रयोग केला तरी ते चाललंय की उभं आहे, हे सांगता येत नाही.

'एकसारख्या वेगाने' ही अट महत्त्वाची. मुलीचे चार आणे इथे कापले. मालगाडी उभी होती आणि सुटली, म्हणजे तिचा वेग बदलला, आणि वेगातला बदल बंद डब्यातही कळतो. तुमची लोकल सुटली असती तर वरची हँडलं क्षणभर मागे झुकली असती, बाटलीतलं पाणी हललं असतं. तसं काही झालं नाही. उलट मालगाडी सुटताना कपलिंगमधली ढील संपत जाते आणि खडखडाट एका वाघिणीतून दुसरीत पळत जातो. कान दिला असता तर तो तुम्हालाही ऐकू आला असता.

एकदा वेग धरल्यावर मात्र मालगाडीचा गार्ड खुशाल म्हणू शकतो की आपण जागेवरच आहोत आणि पालघर स्टेशन तुमच्या लोकलसकट विरारकडे निघालंय. त्या हिशेबाने तुमचा फोन खोटा नव्हता, थोडा लवकर होता इतकंच.