अनुदानाचा धनी कोण?

शेतकऱ्याच्या हाती शासनाने थेट रक्कम द्यावी, ही कल्पना आता बँकेच्या ग्राहकांना अपरिचित राहिलेली नाही. ‘पीएम-किसान’चे दोन हजार रुपये जमा झाले का, ही विचारणा ग्रामीण शाखांतून नित्य होते. परंतु ही रक्कम जमिनीच्या मालकाची की ती कसणाऱ्याची, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, 1934 साली त्याने उग्र रूप धारण केले होते.

महामंदीत कापसाचा भाव पौंडाला सहा-सात सेंटांपर्यंत घसरला होता. उत्पादन घटल्यास भाव सावरेल, या हिशेबाने रूझवेल्ट शासनाने मे 1933 मध्ये कृषी समायोजन कायदा केला. शेतकऱ्याने काही क्षेत्र लागवडीविना ठेवावे व शासनाने त्याचा मोबदला द्यावा, अशी ती योजना होती. त्या वर्षी पेरणी आधीच झालेली असल्याने सुमारे 1 कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकावा लागला.

दक्षिणेतील कापसाची बरीचशी शेती वाटेकरी करीत. मालकाची जमीन, अवजारे व जनावरे. वाटेकऱ्याच्या कुटुंबाचे श्रम. आणि पीक निम्मे-निम्मे. 1934-35 च्या करारात मात्र ही विभागणी पाळली गेली नाही. पौंडामागे साडेतीन सेंट जमिनीचे भाडे म्हणून मालकाला मिळत आणि उरलेला एक सेंट तेवढा दोघांत वाटला जाई. म्हणजे साडेचार सेंटांपैकी वाटेकऱ्याचा वाटा अर्धा सेंट! तोही मालकाच्या हातून यायचा असल्याने पुष्कळदा जुन्या उधारीत वळता होई.

त्याहून मोठा घाव वेगळाच होता. लागवड घटली, तशी तितक्या कुटुंबांची गरजही उरली नाही. कुळांची संख्या शक्यतो कायम राखावी, असे कलम करारात होते. पण ‘शक्यतो’ या शब्दाला कायद्यात फारसे बळ नसते. तक्रार ऐकणाऱ्या काउंटी समित्यांवर बहुधा मळेवाल्यांचेच वर्चस्व असे. पॉइन्सेटमधील एका मळ्यावरून कुटुंबे हुसकावली गेली, तेव्हा जुलै 1934 मध्ये टायरोन्झा गावाजवळ गोरे व कृष्णवर्णीय मिळून अठरा जणांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. वर्णभेदाच्या त्या काळात ही एकजूट असामान्यच म्हणावी लागेल. वॉशिंग्टनमध्ये जेरोम फ्रँक यांच्या विधी विभागाने, आहेत तीच कुळे मालकाने ठेवली पाहिजेत, असा कलमाचा अर्थ लावला. फेब्रुवारी 1935 मध्ये फ्रँक व त्यांच्या काही सहकाऱ्यांनाच पदावरून दूर करण्यात आले.

पुढे 1936 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची ही योजना रद्द ठरविली. नंतरच्या कायद्यांनी वाटेकऱ्याचा हिस्सा अधिक स्पष्ट केला. तेव्हा अनेक मळेवाल्यांनी वाटेकऱ्यांना रोजंदारीवर आणले. मजुराला अनुदानाचा वाटा द्यावा लागत नव्हता.

आपल्याकडे 2019 पासून ‘पीएम-किसान’मधून वर्षाला 6,000 रुपये मिळतात, ते भूमी अभिलेखात जमीन नावावर असलेल्या कुटुंबांना. बटाईने वा खंडाने दुसऱ्याची जमीन कसणारा भूमिहीन शेतकरी त्यात बसत नाही. ओडिशाने 2018 अखेर जाहीर केलेल्या ‘कालिया’ योजनेत वाटेकरी व भूमिहीन कुटुंबांचाही समावेश केला होता. महाराष्ट्रात 1948 च्या कुळकायद्यामुळे जमीन कुळाकडे जाईल, या धास्तीने पुष्कळ मालक लेखी करारच टाळतात. त्यामुळे कसणाऱ्याकडे दाखवायला कागद नसतो.

कर्जाच्या बाबतीत वाट थोडी मोकळी आहे. किसान क्रेडिट कार्डासाठी तोंडी कराराने जमीन कसणारे व वाटेकरीही पात्र आहेत. अशा चार ते दहा जणांनी संयुक्त देयता गट स्थापन केल्यास परस्परांच्या हमीवर त्यांना तारणाविना पीककर्ज मिळू शकते. त्यासाठी अर्ज करताना सातबाऱ्यावर स्वतःचे नाव असणे आवश्यक नाही, ही माहिती शाखेत येणाऱ्या वाटेकऱ्याला आवर्जून द्यावी.