टोकियो १९६४ : क्रीडासोहळा आणि राष्ट्राची प्रतिमा

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे यजमानपद स्वीकारणारे राष्ट्र केवळ मैदाने उभारीत नाही. जगाने आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हेही ते ठरवू पाहते. १९६४ चे टोकियो ऑलिंपिक हे याचे बोलके उदाहरण होय.

१९४० च्या ऑलिंपिकचे यजमानपद टोकियोस मिळाले होते. परंतु चीनशी युद्ध पेटल्यावर १९३८ मध्ये जपानने ते परत केले. पुढे महायुद्धात पराभव झाला आणि १९५२ पर्यंत देशावर परकीय अंमल राहिला. आक्रमक व पराभूत राष्ट्र ही ओळख पुसण्याची संधी जपानला आशियातील या पहिल्या ऑलिंपिकने दिली.

१० ऑक्टोबर १९६४ रोजी क्रीडाज्योत प्रज्वलित करण्याचा मान योशिनोरी साकाई या तरुण धावपटूस देण्यात आला. हिरोशिमावर अणुबाँब पडला त्याच दिवशी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, त्याच प्रांतात त्याचा जन्म झाला होता. भाषणाविनाच शांततेचा संदेश जगाला मिळाला. योयोगी येथे अमेरिकी सैनिकांची वसाहत होती, तेथे क्रीडाग्राम वसविण्यात आले.

या प्रतिमेस प्रत्यक्ष कामाचा आधार होता. स्पर्धेपूर्वी नऊ दिवस, १ ऑक्टोबरला, टोकियो-ओसाका शिन्कान्सेन रेल्वे सुरू झाली. तिच्यासाठी जागतिक बँकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. पूर्वीचा सुमारे साडेसहा तासांचा प्रवास चार तासांवर आला. पाहुणे परतले, रेल्वे मात्र लोकांच्या सेवेत राहिली.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. घाईने बांधलेल्या उन्नत द्रुतगती मार्गाखाली निहोनबाशी हा शहराचा ऐतिहासिक पूल झाकला गेला. तो मार्ग भूमिगत करण्याचे काम अनेक दशकांनी हाती घ्यावे लागले. राष्ट्रीय क्रीडागारालगतच्या कासुमिगाओका भागातील काही कुटुंबांना १९६४ च्या स्पर्धेसाठी घरे सोडावी लागली. २०२० च्या ऑलिंपिकसाठी नवे क्रीडागार बांधताना त्यांपैकी काहींवर तीच वेळ पुन्हा आली.

पाहुणे येणार म्हणून अंगण सारवले जाते. पण घराची खरी पारख घरच्यांच्या सुखावरून होते. सोहळा लहान असो वा मोठा, त्यानंतर लोकांच्या हाती काय उरले आणि त्याची किंमत कोणी मोजली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच त्याचे यश ठरते.