छापील टाइमटेबल की ताजा चार्ट?

व्हर्च्युअल मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमला ‘तुझ्याकडे किती प्रोसेसर आहेत’ हे सांगतं कोण? खऱ्या कॉम्प्युटरमध्ये ही माहिती एसीपीआय टेबलांमध्ये भरून बायॉस देतो. इथे हार्डवेअरच लटकं, म्हणून टेबलंही आपल्यालाच बनवावी लागतात. ती कंपाइल करतानाच पक्की करायची (स्टॅटिक), की मशीन सुरू होताना बांधायची (डायनॅमिक)?

रेल्वेचं उदाहरण घ्या. छापील टाइमटेबलात स्टेशनं असतात, ती रोज बदलत नाहीत. पण कोणत्या बर्थवर कोण, हे गाडी सुटण्याआधी बनणाऱ्या चार्टवरच कळतं.

आता हिशोब करू. प्रोसेसरांची यादी एमएडीटी या टेबलात असते. सुरुवातीचे ४४ बाइट ठरलेले, प्रत्येक प्रोसेसरला ८ आणि एका आयओ-एपिकला १२. म्हणजे ४ प्रोसेसरांना ४४ + ३२ + १२ = ८८ बाइट, आणि ८ प्रोसेसरांना १२०. (इंटरप्टच्या जादा नोंदी तूर्त सोडून देऊ.) टेबल ४ वर पक्कं करून ठेवलं आणि ग्राहकाने ८ चे पैसे भरले, तर उरलेले ४ नुसते बसून राहणार! उलट टेबलात ८ आणि प्रत्यक्षात ४ असतील, तर सिस्टिम नसलेल्यांना उठवत बसणार.

डायनॅमिकची किंमतही आहे. टेबलातल्या सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने भागल्यावर बाकी शून्य यावी लागते. समजा, चेकसम सोडून बेरीज १००० आली. बाकी २३२, म्हणून चेकसम २४. नंतर एखादी नोंद बदलली की हा बाइटही पुन्हा काढायला हवा. स्टॅटिक टेबलात ही कटकट नाही. कंपायलरने एकदा तपासलं की झालं.

मग करतात काय? झेनच्या एचव्हीएमलोडरने दोन्ही वापरलं. डीएसडीटी हे मोठं टेबल आधीच कंपाइल केलेलं, त्यात जास्तीत जास्त जितके प्रोसेसर चालतील तितक्यांची नावं. त्यातले हजर किती, ते सांगणारं एमएडीटी मात्र बूटच्या वेळी बनतं. क्यूईएमयूने २०१३ मध्ये, १.७ आवृत्तीत, टेबलं बनवण्याचं काम बायॉसकडून स्वतःकडे घेतलं. कारण सरळ आहे: नवीन डिव्हाइस जोडायचं तर दोन्हीकडचा कोड बदलावा लागायचा. ज्याने हार्डवेअर बनवलं, त्यानेच त्याचं वर्णन करावं, हे बरं नाही का?

मला यातून एक नियम पटला. कोडमध्ये टेबल दिसलं की आधी विचारायचं, ‘ही माहिती नक्की कधी कळते?’ कंपाइलच्या वेळी कळत असेल तर स्टॅटिक. बूटच्या वेळी कळत असेल, तर तोपर्यंत थांबायचं. अंदाजाने भरलेला आकडा कधीतरी दगा देतोच. तुमच्या प्रोजेक्टमधल्या एखाद्या ॲरेला हा प्रश्न विचारून बघा!