दोन स्थानके

न्यूयॉर्क शहरात १९१० साली ‘पेनसिल्व्हेनिया’ नावाचे एक भव्य रेल्वे-स्थानक उभे राहिले. प्राचीन रोममधील सार्वजनिक स्नानगृहांचा आदर्श पुढे ठेवून त्याची रचना केली होती. बाहेर फिकट गुलाबी ग्रॅनाइटाच्या स्तंभांची रांग, शिरोभागी दगडी गरुड आणि आत सुमारे १५० फूट उंचीचे विशाल दालन! गाडी गाठण्याची कितीही घाई असली, तरी मान वर करून पाहावे असेच ते छत होते.

पुढे काळ पालटला. मोटारी व विमाने यांनी आगगाडीचे उतारू ओढून नेले आणि रेल्वे-कंपनीला खर्च झेपेना. रूळ जमिनीखालीच होते. मग वरची एवढी मोलाची जागा जुन्या इमारतीत का अडकवावी, असा विचार करून कंपनीने तेथे क्रीडागृह व कचेऱ्या बांधण्याचे ठरविले. १९६२ च्या ऑगस्ट महिन्यात काही वास्तुशिल्पज्ञांनी व नागरिकांनी हाती फलक घेऊन स्थानकासमोर निषेध केला. परंतु मालकाला अडवू शकेल असा कायदाच शहरापाशी नव्हता. १९६३ च्या ऑक्टोबरात इमारतीवर घाव पडू लागले. तिचे कितीतरी कोरीव दगड शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील दलदलीत नेऊन टाकण्यात आले.

या आघाताने लोक जागे झाले. १९६५ साली शहराने जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला व त्यासाठी एक आयोग नेमला. या आयोगाने १९६७ साली ‘ग्रँड सेंट्रल’ या १९१३ च्या स्थानकाला संरक्षण दिले. तथापि १९६८ साली त्याच्या मालक कंपनीने स्थानकावर पन्नासांहून अधिक मजल्यांचा मनोरा उभारण्याची परवानगी मागितली. आयोगाने ती नाकारली आणि वाद न्यायालयात गेला.

कंपनीचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. जागा आमची, शहराला शोभा हवी असेल, तर तिचा भार आम्ही एकट्यांनीच का वाहावा, असा तिचा प्रश्न होता. १९७५ साली खालच्या न्यायालयाने तिचीच बाजू उचलून धरली. तेव्हा अनेक नागरिक एकत्र आले. अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी म्हणून पूर्वी साऱ्या देशाला परिचित असलेल्या जॅकलिन ओनॅसिसही त्यांत होत्या.

अखेर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. स्थानक आहे तसे चालवून कंपनीला वाजवी प्राप्ती होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय स्थानकावर जे मजले चढविता येत नव्हते, ते बांधण्याचा हक्क जवळपासच्या अन्य भूखंडांवर वापरण्याची सोय नियमांत होती. न बांधलेले मजले जणू उचलून दुसऱ्या जागी ठेवावेत, अशी ही युक्ती! मुंबईच्या १९९५ च्या वारसा-नियमावलीतही हक्कांच्या अशा हस्तांतराची तरतूद करण्यात आली.

ग्रँड सेंट्रलचा जीर्णोद्धार १९९८ साली पूर्ण झाला आणि काजळलेल्या छतावरील नक्षत्रे पुन्हा स्पष्ट दिसू लागली. पेनसिल्व्हेनियाच्या उतारूंना मात्र कित्येक वर्षे जमिनीखालच्या ठेंगण्या, कोंदट मार्गांतूनच वाट काढावी लागली. २०२१ च्या प्रारंभी त्यांच्यासाठी रस्त्यापलीकडे काचेच्या छताचे एक प्रशस्त दालन खुले झाले. ते एका जुन्या टपालकचेरीत सामावलेले आहे. आणि ती कचेरी, पाडलेले स्थानक ज्यांनी रचले होते, त्याच वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने उभारलेली आहे.