शिडाची होडी शिकायची, तर वऱ्हाडातून किती लागते?

"बाबा, मले शिडाची होडी शिकाची हाय," असं मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचं पोरगं म्हणालं, तर बापाचा पहिला सवाल "किती लागते?" हाच असणार. सवाल रास्त आहे. रिद्धपुराहून समुद्र सातशे किलोमीटरच्या घरात, आणि यॉट म्हटलं की डोळ्यांपुढे उद्योगपतींची पांढरी जहाजं येतात. शर्यतीची शिडाची होडी ही वेगळी वस्तू आहे. ती शिकायला समुद्रही लागत नाही, मोठं तळं पुरतं.

2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-4 या होडीच्या प्रकारात नेहा ठाकूरने रौप्यपदक जिंकलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर, तिथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये. रिद्धपुराहून मुलताई-बैतूलमार्गे भोपाळ तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. दुसरं जवळचं पाणी हैदराबादचं हुसेनसागर. तिथे यॉट क्लब ऑफ हैदराबाद मुलांना शिकवतो, आणि अमरावती-तिरुपती एक्सप्रेस काचीगुड्याला थांबते. मुंबई तिसरी. म्हणून चौकशी याच क्रमाने करा. प्रवेशाच्या अटी, वय आणि राहण्याची सोय आधी फोनवर पक्की करून घ्या, मग तिकीट काढा.

खर्चाला मात्र सुरुवात अमरावतीतच होते, पोहण्यापासून. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव आहे, इतरही आहेत. महिन्याची फी काही शे रुपयांपासून हजार-दोन हजारांपर्यंत धरा. कपड्यांसकट पन्नास मीटर पोहता येईपर्यंत पुढचा एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं मत आहे. शिडाची छोटी होडी उलटतेच. उलटलेली होडी सरळ करणं हा पहिल्या धड्यांपैकी एक असतो, आणि पाण्याला घाबरणाऱ्या मुलाची फी तिथेच वाया जाते.

दुसरा खर्च लाइफ जॅकेटचा, आणि इथे थोडं थांबा, कारण बहुतेक लोक फसतात ते इथेच. जॅकेटवर न्यूटनचा आकडा असतो. 50 म्हणजे ज्याला पोहता येतं आणि ज्याच्यामागे मदतीची बोट आहे त्याच्यासाठी, तळ्यावर शिकायला पुरेसं. 100 शांत पाण्यासाठी. 150 खुल्या समुद्रासाठी: माणूस बेशुद्ध झाला तरी त्याला उताणा करून तोंड पाण्याबाहेर ठेवण्याच्या बेताने केलेलं. 50 चं चांगलं जॅकेट साधारण दीड ते साडेतीन हजारांत येतं. 150 चं, आपोआप फुगणारं, ढोबळमानाने दहा ते वीस हजारांत, शिवाय त्याची वायूची नळकांडी मुदतीप्रमाणे बदलावी लागतात. मेळ्यात मिळणारं आकडा नसलेलं नारंगी जॅकेट स्वस्त असतं. ते घेऊच नका. मापही वजनाप्रमाणे घ्या. "वाढत्या अंगाचं" म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

हे इतकं ताणून सांगायचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत होडी उलटली आणि 11 जणांचा जीव गेला. डिसेंबर 2024 मध्ये गेट वे ऑफ इंडियाहून निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. 15 माणसं गेली. नदी असो की बंदर, होडीत पाय ठेवण्याआधी जॅकेट अंगावर आणि पट्टा कसलेला हवा. अप्पर वर्धा धरण घराजवळ आहे म्हणून तिथे स्वतःची जुगाडू होडी घालण्याचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्या. मागे मदतीची बोट नसेल, तर शिडाखाली बसायचं नाही.

आता शिकवणीची फी. मुंबईत खासगी संस्थांचे नवशिक्यांसाठीचे दोन-तीन दिवसांचे वर्ग साधारण दहा ते वीस हजारांच्या पट्ट्यात असतात. तळ्यावरचे क्लब बहुधा त्याहून स्वस्त. आकडा ऐकला की तीन गोष्टी विचारा: जीएसटी धरून की वेगळा, वारा पडला तर दिवस बदलून मिळतो का, आणि किती मुलांमागे एक मदतीची बोट. तिसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं तर पैसे भरू नका. विमा असेल तर साहसी खेळ त्यातून वगळलेत का, ते पॉलिसीत वाचा. प्रवासाला अमरावती-मुंबई एक्सप्रेसचं स्लीपर चारशेच्या आसपास पडतं. मुंबईत राहायला नातेवाईक नसेल, तर मुक्कामाचा खर्च फीच्या बरोबरीने जातो. भोपाळ आधी म्हटलं ते यासाठीही.

होडी विकत घ्यावी का? नाही. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट होडी 2.3 मीटरची, 35 किलोची, वय पंधरापर्यंत चालते, त्यानंतर आयएलसीए. म्हणजे पोरगं चार-पाच वर्षांत तिच्यातून बाहेर पडतं. नवी घ्यायची तर लाखांत जाते, आणि शीड, ठेवायची जागा, दुरुस्ती धरून वर्षाला किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवावे लागतात, असा जाणत्यांचा हिशेब. क्लबची होडी वापरा.

फुकटचा रस्ताही आहे, आणि मला तोच सगळ्यात चांगला वाटतो. एनसीसीच्या नौदल शाखेत शिडाच्या होड्या चालवायला मिळतात. आपल्याकडे कुठल्या शाळा-कॉलेजात ती शाखा आहे, ते अमरावतीच्या एनसीसी ग्रुप मुख्यालयात विचारा. लहान वयाच्या, चपळ मुलांसाठी लष्कर आणि नौदलाच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. मुंबईत कुलाब्याचा आर्मी यॉटिंग नोड आणि गोव्यात आयएनएस मांडवी इथे निवड झाली, तर राहणं, शाळा आणि प्रशिक्षण यांचा भार घरावर पडत नाही. मोठ्यांसाठी तिसरी वाट: शर्यतीच्या मोठ्या होड्यांना शनिवार-रविवारी हात कमी पडतात. वेळेवर येणाऱ्या आणि सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसाला खलाशी म्हणून जागा मिळते. सुरुवातीला काम एवढंच, की वाऱ्याच्या बाजूला काठावर बसून वजन द्यायचं.

शिकून झाल्यावर ज्यांना किनाऱ्याकिनाऱ्याने लांब जायचं असेल, समजा मुंबई-गोवा, त्यांचा हिशेब एकदम बदलतो. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 303 होड्या निघाल्या आणि वादळात 15 खलाशी गेले. 1998 च्या सिडनी-होबार्टला 115 पैकी 44 च होड्या पोहोचल्या, सहा जण गेले. अशा तडाख्यांनंतर नियम कडक होत गेले. वर्ल्ड सेलिंगच्या नियमांत आज शून्य ते चार अशा श्रेणी आहेत. श्रेणीचा आकडा जितका लहान, तितकं सामान जास्त: वादळी शीड, व्हीएचएफ रेडिओ, कमरेचा दोर, तराफा, उपग्रहाला हाक देणारं ईपीआयआरबी यंत्र. हे यंत्र साधारण पन्नास ते ऐंशी हजारांना पडतं, आणि घेतल्यावर बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात त्याची नोंदणी लागते. ते का घ्यायचं? सप्टेंबर 2018 मध्ये एकट्याने जगाला फेरी मारायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय खलाशी अभिलाष टॉमींच्या 'थुरिया' होडीची डोलकाठी हिंदी महासागरात मोडली, पाठीला जबर मार बसला. हाक पोहोचली म्हणून तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ही होडी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून एकट्याने जगाला फेरी मारून आले, तीही तिथलीच. जगातली उत्तम होडी घेतली, तरी यंत्रावर काटछाट करता येत नाही.

विक्रमाचा नाद असेल, तर एक सांगून ठेवतो. दोन बंदरांमधल्या वेळेचे विक्रम वर्ल्ड सेलिंग स्पीड रेकॉर्ड कौन्सिल मान्य करते. निघण्याआधी कळवावं लागतं आणि वेळेची नोंद तपासली जाते. पैसे भरले की प्रमाणपत्र पाठवणाऱ्या विक्रम-पुस्तकांचा त्याच्याशी संबंध नाही.

मुंबईत शिकायचं असेल तर ऑक्टोबर ते मे धरून चला; पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. हैदराबादेत उलट, जुलैत मान्सून रेगाटा ही शिडाच्या होड्यांची शर्यत असते, ती बघायलाही जाता येईल. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, दिवाळीच्या सुट्टीतली गाडी लगेच भरते. समुद्रावर असताना तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आणि रेडिओचं 16 वं चॅनेल लक्षात ठेवा. संकटाचा इशारा देणाऱ्या फटाकड्या (फ्लेअर) रेल्वेत नेऊ नका, स्फोटक म्हणून जप्त होतात. जिथून होडी निघणार, तिथेच घ्या.