सीलिअ‍ॅक: पैसे तपासणीवर घाला, पाकिटांवर नको

सीलिअ‍ॅकचा संशय आला की घरातून पहिला सल्ला मिळतो, "आधी पोळी बंद कर." खिशाला सगळ्यात महाग पडतो तो हाच. या आजारात गहू, सातू आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. गहू थांबवला की रक्तातल्या खुणा ओसरतात, रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग काही आठवडे पुन्हा गहू खाऊन तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

रक्ततपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. सोबत टोटल आयजीए करून घ्या. ती मुळातच कमी असेल तर पहिलीचा निकाल फसवा ठरतो. शहरातल्या खासगी लॅबमध्ये दोन्ही मिळून साधारण दीड ते अडीच हजार रुपये. मोठ्यांमध्ये निदान पक्कं करायला सहसा एंडोस्कोपी आणि आतड्याची बायोप्सी लागते. खासगीत त्याचे पाच ते बारा हजार होतात, सरकारी रुग्णालयात बरेच कमी. "बायोप्सीचं पॅथॉलॉजी बिल धरून किती?" असंच विचारा, नाहीतर ते मागाहून वेगळं येतं. 'फूड इन्टॉलरन्स'च्या महागड्या पॅकेजांतून सीलिअ‍ॅकचं निदान होत नाही.

उपचार म्हणजे जन्मभर ग्लूटेन वर्ज्य. भाकरी खाणाऱ्या घराला हे फारसं महाग नाही, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई आणि राजगिरा चालतात. 'ग्लूटेन फ्री' पिठाची पाकिटं गव्हाच्या पिठाच्या तिप्पट-चौपट भावाची असतात. ती प्रवासापुरती ठेवावीत.

खरी अडचण गिरणीत आहे. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरलेला असतो आणि आपल्या ज्वारीत उतरतो. "आधी तांदूळ काढून घ्या" म्हटल्याने तो पुरता जात नाही. म्हणून पंधरा-वीस हजारांची घरघंटी घेतलीत तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. मात्र तिच्यात गहू एकदाही दळू नका. फोडणीचा हिंगही तपासा, बहुतेक डब्यांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. भाजणीत बऱ्याचदा गहू असतो. नाचणी बिस्किटांत मैदा निघतो.

निदानानंतर साधारण सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी टीटीजी, शिवाय हिमोग्लोबिन, लोह आणि ड जीवनसत्त्व. त्यासाठी वर्षाला तीनेक हजार बाजूला ठेवा.