बिअर कॅनिंगमध्ये CO₂ चा खर्च कसा कमी कराल? (व्हिडिओसोबतच्या नोट्स)

व्हिडिओत आकडे पटापट गेले अशी तक्रार आली, म्हणून इथे सावकाश लिहून देतो. प्रश्न होता, "सर, छोटी ब्रुअरी आहे, कॅनिंग सुरू करतोय. गॅसचं बिल बिअरच्या मानाने फार येतंय. नायट्रोजन जनरेटर घेऊ का?"

थांबा. मशीन घेण्याआधी गॅस जातो कुठे ते बघू.

१००० लिटर बिअर धरा, अल्कोहोल ५ टक्के. बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लागतो लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे फक्त ५ किलो. आता गंमत बघा. हीच बिअर आंबताना यीस्ट आपल्याला सुमारे ३७ किलो गॅस फुकट देतं. तो आपण पाइपातून हवेत सोडतो आणि वर सिलिंडर विकत आणतो!

मग बिल का फुगतं? खरा खाऊ गिऱ्हाईक आहे रिकामी टाकी. कॅनिंगआधी टाकीतली हवा काढायची असते, कारण ऑक्सिजनने बिअर शिळी होते, पुठ्ठ्यासारखी लागते. बरेच जण नुसता गॅस सोडत राहतात. तो हवेत मिसळतो आणि मिसळलेलंच बाहेर पडतं. २१ टक्के ऑक्सिजन ०.१ टक्क्यावर आणायला टाकीच्या पाचपटीहून जास्त गॅस लागतो. १००० लिटर गॅसचं वजन जवळपास २ किलो, म्हणजे दहा किलोच्या वर गेले. बिअरमध्ये जातो त्याच्या दुप्पट!

उपाय साधा आहे. टाकी काठोकाठ स्वच्छ, निर्जंतुक पाण्याने भरा आणि खालून पाणी काढत वरून गॅस द्या. एकाच टाकीभर गॅसमध्ये काम होतं. पाणी वाया घालवू नका, पुढच्या टाकीत ढकला. आणि तो गॅस आंबणाऱ्या टाकीतूनच घेता आला तर सिलिंडर उघडायचीही गरज नाही. फक्त किण्वन जोरात सुरू होऊन एखादा दिवस गेल्यावर घ्या, सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा असते.

दुसरी गोष्ट, स्पंडिंग. साखर थोडीशी उरली की टाकी बंद करून दाबाचा व्हॉल्व्ह लावायचा. शेवटचा गॅस बिअरमध्येच विरघळतो. पण टाकी किती दाबाची आहे ते प्लेटवर वाचा. २० अंशांना पूर्ण कार्बोनेशन हवं तर जवळपास २ बार लागतो, आणि कित्येक टाक्या १ बारच्याच असतात. तिथे अर्धंमुर्धं मिळेल, उरलेलं सिलिंडरने करा. हट्टाने दाब वाढवू नका, टाकी फुटली तर माणसं जातात.

कॅनिंग लाइनवर बिअर ० ते १ अंशाला ठेवा. कोमट बिअर फेसाळते आणि गॅस व बिअर दोन्ही सांडतात. झाकण मात्र फेसावरच बसलं पाहिजे, मध्ये हवेला जागा नको. कॅनमध्ये गॅस फुंकायचा वेळ हळूहळू कमी करून बघा, पण ऑक्सिजन मीटर हातात असेल तरच. मीटर नसताना केलेली बचत दोन महिन्यांनी परत आलेल्या मालात दिसते.

अजून एक. CO₂ भरलेल्या टाकीत कॉस्टिक सोडा कधीही घालू नका. तो गॅस शोषतो, आत निर्वात होतो आणि टाकी आत चेपते. आम्लाने धुणारे गॅस तसाच टिकवतात.

आता नायट्रोजन. टाकी रिकामी करताना मागून दाब द्यायला तो चांगला. पण उघड्या कॅनसाठी CO₂ बरा, कारण तो हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी बसतो, तर नायट्रोजन हलका, उडून जातो. बिअर फार वेळ निव्वळ नायट्रोजनखाली ठेवली तर फिकी पडते. म्हणून माझं मत, जनरेटर शेवटी. आधी साबणाच्या पाण्याने गळती शोधा. सिलिंडर रात्री काट्यावर ठेवा, सगळे व्हॉल्व्ह बंद करून. सकाळी वजन कमी झालं असेल तर तेच तुमचं पहिलं काम.

हे फक्त पैशांसाठी नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये नैसर्गिक वायू महागल्याने खताचे कारखाने बंद पडले आणि त्यांचा जोडउत्पादन असलेला CO₂ बाजारातून गायब झाला. गॅस दुसऱ्याच्या कारखान्यावर अवलंबून असतो, हे व्यवसायाचं गणित करताना लक्षात घ्या. आणि हो, CO₂ खोलीच्या तळाशी साठतो, वास येत नाही. बंद जागेत गॅस अलार्म लावल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

कॉमेंटमध्ये एवढंच लिहा: मागच्या महिन्यात किती किलो गॅस घेतला आणि किती लिटर बिअर कॅनमध्ये भरली. पुढच्या व्हिडिओत तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू.